धोंडुबाईचा गुलाबी दाणा

आमच्या घरात गुलाबी रंगाला कुणी विचारत नाय. हमरापुराकडच्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात या, सणाच्या आधी पडवीत पाय टाकलात तर टाचा गुलाबी करूनच बाहेर पडाल. गणपतीच्या अंगाचा तो रंग फवारायच्या गनमधून उडतो आणि वाटेल तिथं जाऊन बसतो. चहाच्या कपावर, उशीच्या अभ्र्यावर, मांजराच्या शेपटीवर. लग्न होऊन आले त्या वर्षी मला भातात गुलाबी शितं दिसली आणि मी ताट सरकवलं. सासूबाई म्हणाली, "खा गो, देवाचाच रंग हाय." तेव्हापासून मीही बघायचं सोडलं.

ही सासूबाई म्हणजे धोंडुबाई. मी तिला आई म्हणते आणि दिवसातून चारदा तिच्याशी भांडते. बाई धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरात वाढलेली. लग्नानंतर रंगाच्या घरात आली आणि सासऱ्यांच्या बरोबरीनं मूर्ती घासत राहिली. सासरे गेले, आणि प्लास्टरच्या धुळीनं हिचा खोकला काही थांबेना. डॉक्टरनं कारखान्यात बसायचं नाय म्हणून सांगितलं. पण गप्प बसेल ती धोंडुबाई कसली! बाजरी, राळे आणि भात निवडायचा, त्यात समुद्रफेसाची, म्हणजे माकूळ माशाच्या पाठीतल्या पांढऱ्या हाडाची, भुकटी मिसळायची आणि पिंजऱ्यातल्या पाखरांसाठी पिशव्या भरायच्या, असा उद्योग तिनं काढला. लोकांना आवडला. पेणमधल्या बायका घरी येऊन घेऊन जायला लागल्या.

भात यायचा तिच्या माहेराहून. तिचा भाऊ, आमचा हिरामणमामा, खाऱ्या जमिनीत शेती करतो. पेरणीआधी तो बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतो. पाणी पुरेसं खारं झालं का ते बघायला आत अंडं सोडायचं. अंडं तरंगलं की पाणी तयार. चांगला दाणा तळाला बसतो, अर्धवट भरलेला वर येतो. तो वरचा दाणा काढायचा, गोड्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा आणि बहिणीला धाडायचा. तळाच्या दाण्याला किडीचं औषध चोळायचं आणि पेरायचा. मामाचा हा नेम कधी चुकला नाही. आई त्या गोणीला "माझ्या पाखरांचं माहेर" म्हणायची.

"आई, पिशवीवर लिहू तरी, आत काय हाय, कुठनं आलंय," मी कितीदा सांगितलं असेल.

"घरचं हाय. घरच्याला काय लिवायचं?" विषय बंद.

यंदा मामाच्या घरची गोण त्याचा मुलगा प्रवीण टेम्पोतून घेऊन आला. घाईत होता, उभ्याउभ्याच टाकून गेला. आईनं गोणीचं तोंड सोडलं तर भाताला गुलाबी झाक. माझा नवरा हितेश सुट्टीच्या दिवशी पडवीत गन मारतो. आई त्याच्यावरच करवादली, "या मेल्याला कितीदा सांगितलं, दाण्याजवळ रंग मारू नको!" दोन पाण्यांनी भात धुतला, वाळवला, दाण्यात मिसळला. मी शेजारीच शेंगा सोलत बसले होते. दोघींपैकी एकीलाही काही वाटलं नाही. गुलाबी होता, एवढंच ना? आमच्याकडं काय गुलाबी नसतं!

त्यातल्या दोनच पिशव्या बाहेर गेल्या होत्या. एक पेणच्या प्रणिताकडं. तिचाच फोन आला, सकाळी, मी चहा ठेवत असताना. बाई रडत होती आणि ओरडतही होती. "दोन्ही पाखरं गेली हो! पिंजऱ्यात उलटी पडलीयेत. काय घालता तुम्ही त्यात? घरचं, घरचं म्हणता, माल येतो कुठनं तुमचा?"

"गारठ्यानं मेली असतील," आई ठसक्यात म्हणाली आणि फोन ठेवला.  मग दाण्याच्या डब्यातला मूठभर तिनं ओला केला, अंगठ्यानं चोळला. अंगठा गुलाबी झाला. तिनं तो नाकाशी नेला, मग माझ्या नाकाशी धरला. "नमिता, आपल्या रंगाला असा वास येतो?"

नव्हता येत. तो फवारणीच्या पंपाचा वास होता.

तिनं भावाला फोन लावला. "दादा, यंदाच्या भाताला गुलाबी रंग कसला?"

"गुलाबी? आगो बाय, तो पेरून उरलेला! औषध चोळलेला. तुझी गोण तर हितंच हाय, ओटीवर." मग मामा एकदम थांबला. "परवीननं कुठली गोण दिली गो तुला?"

 प्रणिताची पाखरं गेली ती गेली. दुसरी पिशवी रोह्याला गेली होती, पुंडलिकदादांकडं. आणि ती नुसती पाखरंच खात नव्हती.

पुंडलिकदादांनी उभी हयात धाटावच्या कंपनीत शिफ्टा केल्या. हितेशला तिथं काम शिकवलं ते त्यांनीच. बायको गेलेली, मूलबाळ नाही, घरात दोन लव्हबर्ड. शिफ्टांवरून एकाचं नाव फर्स्ट, दुसऱ्याचं सेकंड. तिसरा नाइट होता, तो उडून गेला. "नाइटला कोण थांबतो!" असं म्हणून म्हातारा स्वतःच हसायचा. फर्स्ट नुसते राळे टिपायचा, भाताला शिवायचा नाही. सेकंडला भातच लागायचा, पण त्याची चोच वाकडी होती, टरफल फुटायचं नाही. मग दादा भाताचा दाणा आपल्या दातांनी सोलायचे, चावून मऊ करायचे आणि ओठांत धरायचे. सेकंड खांद्यावर बसून तिथनं टिपायचा. रोज, सकाळ-संध्याकाळ. आईला हे इतकं आवडलं होतं की दादांच्या पिशवीत ती मुद्दाम मूठभर भात जास्त घालायची. यंदाही घातला होता.

दादांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. हितेश पहिल्या शिफ्टला, त्याचा मोबाइल गेटवर जमा. आई चुलीपुढनं उठली. "चल," म्हणाली. दाण्याचा डबा तिनं पिशवीत घातला आणि पिशवीला वरून दोन गाठी मारल्या.

एसटीत ती पिशवी मांडीवर धरून बसली होती. मला इतकी भीती वाटत होती की शेवटी मी तिच्यावरच चिडले. "सांगत होते ना, लिही, विचार, बघ! आता काय झालं म्हणजे?" तिनं पिशवीच्या गाठी आणखी आवळल्या. एरवी माझ्या एका वाक्याला तिची तीन असतात.  नागोठण्याला गाडी अडकली, पुढं ट्रकांची ही रांग. आई खिडकीतून बाहेर बघत पुटपुटत होती, "त्यानं आज नसंल खाल्लं. आज नसंल खाल्लं." मी दर थोड्या वेळानं फोन लावत होते. तिकडं कुणी उचलत नव्हतं. म्हातारा दाराशी पडलाय आणि फोन हाताला लागत नाही, असं काहीतरी मला डोळ्यांपुढं दिसत होतं. मी डोळे मिटायलाही घाबरत होते.

रोह्याला पोचलो तर घराला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, दादांना उलट्या झाल्या, चक्कर येऊन पडले, करिश्मानं रिक्षातून दवाखान्यात नेलं. करिश्मा म्हणजे त्यांच्या घरी पोळी-भाजी करून देणारी पोरगी. आई त्याच पावली मागं वळली. गुडघे दुखतात म्हणून ओटा चढताना कण्हणारी बाई माझ्या पुढं पळत होती.

दवाखान्यात दादा खाटेवर, हाताला सलाईन. तोंडाचा पार रंग उतरलेला. डॉक्टरीणबाई विचारत होती, "काल काय खाल्लं होतं?" आणि करिश्मा ओढणीत तोंड घालून रडत होती. "माझीच मासळी. मी दिलेली मासळी खाल्ली काकांनी. मी काय केलं हो!"

मी आईचा दंड धरला. पोलीस, केस, पेपरात नाव, सगळं एका दमात डोक्यात आलं. मूर्तीसुद्धा कोण घेईल मग आमच्याकडून?  आईनं माझा हात सोडवला.

"तिची मासळी नाय," ती म्हणाली. "माझा दाणा. पाखरांचा. त्यात औषध लावलेलं बियाणं गेलंय. हा बघा, आणलाय." गाठी तिला सुटेनात, शेवटी तिनं पिशवी दातांनी फाडली. "हे दादा दाणं सोलतात तोंडानं. मला ठाव होतं. मीच जास्त घातला."

डॉक्टरीणबाईनं डबा घेतला, वास घेतला आणि औषधाचं नाव काय म्हणून विचारलं. मी मामाला फोन लावला. त्यानं पुडक्यावरचं नाव एकेक अक्षर वाचून सांगितलं. मग नर्स पळाली, बाटली बदलली, आम्हाला बाहेर काढलं. बाकावर करिश्मा, मधे आई, कडेला मी. करिश्मा आईपासून लांब सरकून बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिफ्ट सुटल्यावर हितेश धावत आला तेव्हा दादांनी डोळे उघडले होते. आई पायाशी उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट करत. "दादा, माझ्या दाण्यानं—"

"सेकंड?" दादांनी विचारलं.

 करिश्मानं नकारार्थी मान हलवली. म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. आम्हाला वाटलं झोपले. मग भिंतीकडं बघतच ते म्हणाले, "फर्स्टला कोण घालतंय दाणा?"

आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. दिवसभर त्या पाखराला कुणी काही घातलं नव्हतं. हात कुणाचा धजणार?

"मी घालते," आई म्हणाली. "दुकानातला. माझा नाय."

"दुकानातला तो शिवत नाय," दादा म्हणाले. "तुझाच लागतो."

दादा बरे होऊन घरी आले. मामानं गुलाबी गोण खड्ड्यात पुरली आणि खरी गोण स्वतः डोक्यावर घेऊन आला. प्रणिता अजून रस्त्यात दिसली तर तोंड फिरवते, आणि तिचं बरोबर हाय. आई दाणा करायचं बंद करील असं मला वाटलं होतं. मी हात जोडून तसं म्हटलंही होतं. पण रोह्याची एक पिशवी ती करतेच. आता त्याची रीत मात्र वेगळी. कालवलेल्या दाण्यातला मूठभर ती बाजूला काढते, मिक्सरला दळते, त्याची एक भाकरी थापते आणि स्वतः खाते. दुसऱ्या दिवशी उठून धडधाकट चालायला लागली की मगच पिशवी भरायची.

"याला काय अर्थ हाय?" मी ओरडते. "औषध असलं तर तू मरशील ना!"

"मंग कळंल ना पाखराच्या आधी," ती म्हणते आणि पाटावर बसते.

 मी तिच्यासमोर बसते. ती भाकरी मोडते, चटणी लावते, सावकाश चावते, आणि मी तिच्या ओठांकडं, कपाळाकडं, घाम येतोय का ते बघत राहते. माझं जेवण गार होतं. ज्या बाईशी मी दिवसातून चारदा भांडते ती उद्या उठली नाही तर, एवढंच मनात येतं.

"काय बघतेस गो माझ्या तोंडाकडं?" ती म्हणते. "भाकरी पायजेल काय?"

मी तिच्या ताटातला तुकडा मोडून तोंडात टाकते. ती हात मारायला जाते, तोवर मी गिळलेला असतो. मग आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसतो.