आई ओळखायचा खेळ

“चुकली! पोरगी चुकली! मी आई न्हाई, मावशी हाय!”

मावशी अशी ओरडली, की पार तिकडं राहात्याच्या बाजारातले बैलसुद्धा दचकले असणार. शपथेवर सांगतो.

दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी आम्ही माणसं मुलांना घेऊन नगरात दर रविवारी जमायचो. खेळ घ्यायची तीच. मुलांचे डोळे फडक्यानं बांधायचे आणि रांगेतल्या बायकांचे नुसते हात चाचपून आई ओळखायची; सांभाळणारी तीच आई. हिचे हात इतके खरखरीत, की नुसत्या तळव्यानं नारळ सोलावा. दुष्काळात तिच्याकडं सांभाळायला दिलेल्या त्या पोरीला तिनं दोन वर्षं भरवलं, पण कधी ‘आई’ म्हणू दिलं नाही. “आई खडी फोडाया गेलीय. यील,” म्हणायची.

त्या रविवारी ती आई पोरीला न्यायला आली आणि बायकांच्या रांगेत उभी राहिली. पोरीनं खऱ्या आईसकट सगळ्यांचे हात सोडले, मावशीचेच धरले आणि म्हणाली, “आई!”

तेव्हाची ती आरोळी. लगेच तिनं पोरीचा हात त्या बाईच्या हातात दिला आणि पुढच्या मुलाचे डोळे बांधायला घेतले.

सगळे पांगल्यावर मी म्हणालो, “मावशी, पोरीनं बरोबर ओळखलं होतं की.”

“डोळं बांधल्यालं हुतं तिचं,” ती म्हणाली.