चूक अंगावर घेणारा

जगात जे काही बिघडतं ते आपल्याचमुळे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो गोंदियाच्या होस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. मेसच्या वरणात मीठ जास्त पडलं की स्वयंपाकीणबाईंची माफी हा मागणार, कारण यानेच त्यांना बोलण्यात गुंतवलं होतं. गाडीला उशीर झाला की फलाटावरच्या अनोळखी बाईला सांगणार, "मावशी, मी ज्या गाडीनं जातो ना, ते लेटच होते." एकदा ऑटोने धडक दिली, तर रस्त्यावर पडल्या पडल्या हाच ऑटोवाल्याला विचारत होता, "भैया, आपको लगा तो नहीं?" आम्ही पोट धरून हसायचो आणि तो आपल्यामुळे आमचा अभ्यास बुडाला म्हणून खंतावायचा.

शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर, ग्रंथालयातले शिपाईकाका मागच्या जिन्यापाशी मेलेले सापडले. डोक्यावर घाव होता, खिशातला मोबाइल गायब होता. जवळच्या कामठा गावचा साधा माणूस, कोणाशी वैर नाही. पोलिसांनी आम्हाला एकेक करून बोलावलं. याची पाळी आली तेव्हा हा रडत म्हणाला, "साहेब, काका माह्यामुळेच मेले."

त्याचं म्हणणं एवढंच होतं की काका त्या संध्याकाळी लवकर घरी निघाले होते आणि आपल्याला आणखी थोडं वाचायचं म्हणून यानेच त्यांना थांबवलं. पण पुढचं ऐकायची साहेबांना गरज वाटली नाही. काकांसोबत शेवटी हाच होता आणि वर कबुलीही देत होता. जीपमध्ये बसताना त्याने हवालदाराची माफी मागितली, आपल्यामुळे त्यांचं जेवण राहिलं म्हणून. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मी तुरुंगात भेटायला गेलो आणि त्याला समजावलं की, बाबा, आपण मारलं नाही एवढंच सांगत राहा. तो म्हणाला, "ते तर सांगतलो. पन थांबवलो मीच ना? ते कोनी काऊन नाही लिहीत?" कोर्टात काकांच्या बायकोने त्याला तळतळून शाप दिले, तेव्हाही तो मान खाली घालून उभा राहिला. तसा उभा राहिलेला माणूस दोषीच दिसतो. कॉलेजात बऱ्याच जणांनी तसं धरूनही टाकलं.

पावसाळा सरता सरता खरा माणूस सापडला. कॉलेजच्या जनरेटरची तांब्याची तार चोरणारा एक जण काकांचा मोबाइल विकताना पकडला गेला. काकांनी हटकलं म्हणून त्याने लोखंडी पाइप मारला होता.

हा सुटला त्या दिवशी त्याचे बाबा न्यायला आले होते. त्याने आधी कामठ्याला जायचा हट्ट धरला, म्हणून आम्ही तिघे गेलो. काकूंनी दार उघडलं, त्याला ओळखलं आणि तिथेच थबकल्या.

"काकू, त्या दिवशी मीच त्यायले थांबवलो होतो."

"ते कोनाच्या सांगन्यानं थांबत नव्हते बापू," काकू म्हणाल्या. "पोरगा वाचून राहिला दिसला का सोताच बसत." मग बाजूला सरून म्हणाल्या, "ये. जेवून जा."

तो खाली मान घालून खूप वेळ जेवत होता. आम्ही कोणी त्याला घाई केली नाही.