गुरुवारचा फ्रिज

ताई गेल्याचा फोन तिच्या शेजारच्या वहिनींनी केला. सकाळचा चहा पिता पिता खुर्चीतच गेली, म्हणाल्या. सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अहो, गॅलरीतला फ्रिज चालू आहे ना?" दीड महिना झाला, मी तिच्याच घरी राहते आहे, पण ती धास्ती अजून गेलेली नाही.

त्या फ्रिजमध्ये खायचं काही नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, हातभर लांबीचा काळा चिखल आहे. माझी थोरली बहीण आयुष्यभर दलदलींचा अभ्यास करत होती. निलगिरीच्या डोंगरांत काही ठिकाणी गवत, शेवाळं मरतं. पण पाण्याखाली असल्यामुळे पुरतं कुजत नाही, थरावर थर साचतो. त्याला पीट म्हणतात. शंभर वर्षांत जेमतेम चार बोटं वाढतं, आणि गवतानं हवेतून घेतलेला कार्बन त्यात कोंडून राहतो. "कोणत्या काळात पाऊस कसा होता, ते यात वाचता येतं," ताई सांगायची. मी म्हणायचे, "मग आपल्या बिबवेवाडीच्या नाल्यातला चिखल वाच की!" "तो वाचावा लागत नाही, वासच पुरतो," ती शांतपणे म्हणायची.

एकदा ती परगावी असताना घर माझ्यावर सोपवलेलं होतं. मला लोणी काळभोरला लग्नाला चार दिवस जायचं होतं. मी शहाणपणा करून घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजचंसुद्धा. मे महिना! परत येऊन पाहते तर चिखलावर पांढरी बुरशी. ताई ओरडली नाही. "असू दे. दलदल कुठे पळून जाते? परत आणू," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी खरंच आणला, तोच हा.

तीन वर्षांपूर्वी मात्र ती त्याच दलदलीवरून आली ती गप्पगप्पच. दर वेळी दलदलीत कोपरापर्यंत हात घालायची तिची सवय. हात काळा, निथळत बाहेर यायचा. "या वेळी झटकला तर भुगा पडला गं," ती म्हणाली. भाजीपाल्यासाठी कुणी चर खणून पाणी काढून टाकलं होतं, उन्हाळ्यात वाळलेलं पीट पेटून जमिनीखाली आग धुमसत राहिली होती. "पाणी हटलं की हवा आत शिरते, हजारो वर्षं कोंडलेलं वर जातं. त्यानं ऊन वाढतं, मग आणखी दलदली वाळतात... मला भीती वाटते." ऑपरेशनला जातानाही हसणारी माझी ताई! तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिची विद्यार्थिनी मुक्ता फोनवर म्हणाली, "मावशी, लॅबमध्ये जागा झाली की लगेच नेते. तोपर्यंत फक्त पॉवर सांभाळा, प्लीज. आणि लाइट गेली तर दार अजिबात उघडू नका." तिचं काय जातं सांगायला! आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी. गेल्या गुरुवारी दहालाच फ्रिज मुका झाला. ताईची गोधडी मी त्याच्याभोवती गुंडाळली आणि दाराला हात लावून शेजारी बसून राहिले. दुपारी पत्रा कोमट लागायला लागला तसं मला रडूच फुटलं. साडेचारला लाइट आली, तरी स्टॅबिलायझरमुळे फ्रिज तीन मिनिटं सुरू होत नाही. ती तीन मिनिटं मी घड्याळाकडे बघत मोजली. मग तो कण्हला, थरथरला, चालू झाला.

रात्रभर गार होऊ दिला आणि सकाळी दार उघडून प्लास्टिकवरूनच हलकेच दाबून पाहिलं. आत पाणी सरकलं. चिखल अजून ओला होता. या वेळी "असू दे, परत आणू" म्हणायला ताई नाही, आणि आणायला ती जागाही उरलेली नाही.

उद्या गुरुवार आहे.