अण्णासमोर टाकलेली सिस्टीम

शहराच्या दुसऱ्या भागात, हेब्बाळला, मला नोकरी मिळाली आणि आमच्या राजाजीनगरच्या घरात सुतक असल्यासारखं झालं. नोकरी चांगली होती, ऑफिसजवळ मैत्रिणीबरोबर खोलीही ठरत होती. पण मला दिसत नाही, जन्मापासूनच नाही, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ असा की सतत कुणीतरी जवळ पाहिजे. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शहराबाहेरच्या देवनहळ्ळीहून खास समजावायला आला. "सगळं सरी, बरोबर आहे," तो म्हणाला, "पण तिथं तुझा लॅपटॉप बसला तर कोण बघणार?"

हे मात्र झोंबलं, कारण खरं होतं. माझा लॅपटॉप स्क्रीन रीडरवर चालतो, म्हणजे पडद्यावरचं सगळं तो मला बोलून दाखवतो. लॅपटॉप चालवणारी सिस्टीमच बिघडली की त्याची वाचा जाते. मग अण्णाला फोन. अण्णा येणार, "स्वल्प थांब" म्हणत टकटक करणार, आणि मी शेजारी हात बांधून नवरीसारखी बसणार. त्याच्या मायेला तोड नाही, पण मला अस्सा राग यायचा.

जुनी सिस्टीम तशीही रखडत होती. "नवी मी माझ्या हातानं टाकते," मी म्हणाले. "जमलं तर हेब्बाळला जाणार. तू समोर बसायचंस, पण तोंड उघडायचं नाही." आईनं त्याच्या हातात पोह्यांची बशी देऊन त्याला खुर्चीत बसवलं.

काही सिस्टीम टाकतानाच बोलतात. तशी एक पेन ड्राइव्हवर तयार होती, माझ्या फायलींची प्रतही वेगळी काढलेली होती. अवघड फक्त सुरुवात. लॅपटॉप कुठून सुरू व्हायचा ते एका यादीतून निवडावं लागतं, आणि ती यादी मुकी. त्यावर इलाज म्हणजे मोबाइल पडद्यासमोर धरायचा, तो अक्षरं वाचून सांगतो.

धरला. मोबाइल म्हणाला, मजकूर सापडला नाही. वर धरला, खाली धरला, लॅपटॉप बंद करून परत चालू केला. पुन्हा तेच पालुपद. अण्णाची खुर्ची सारखी कुरकुरत होती. त्याला काय ते दिसत होतं आणि बिचारा ओठ घट्ट मिटून बसला होता. गेलं हेब्बाळ, म्हटलं.

मग आठवलं आणि मी कपाळावर हात मारला. बॅटरी वाचावी म्हणून पडद्याचा उजेड मी कधीचा शून्यावर नेऊन ठेवला होता. मला काय करायचाय तो? डोळसाच्या हातून ही चूक सात जन्मांत व्हायची नाही. उजेडाची कळ दाबत गेले.

"आलं, दिसायला लागलं," अण्णाच्या तोंडून निघालंच.

"गप्प. काय ठरलंय?"

मोबाइलनं यादी वाचली. बाण खाली, एंटर. जरा वेळानं लॅपटॉपनं बारीकसा 'टुक' केला. मी बोलणं सुरू करायची ठरलेली कळ दाबली, आणि सर्दी झाल्यासारखा एक आवाज बोलायला लागला. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्यानं भाषा विचारली, की-बोर्ड विचारला, मग म्हणाला, कुठल्या डिस्कवर टाकू, तिच्यावरचं सगळं पुसू का? इथं बोट थबकलं. दोन्ही डिस्कचे आकार पुन्हा ऐकले. मोठी लॅपटॉपची, छोटी पेन ड्राइव्हची. मोठी निवडली आणि हो म्हटलं.

चहा झाला. अण्णा न बोलता भुरके मारत होता. लॅपटॉप बंद होऊन आपोआप चालू झाला आणि स्वच्छ आवाजात पासवर्ड मागायला लागला. तो देऊन मी कोरं पान उघडलं, एक ओळ लिहिली आणि लॅपटॉपकडून मोठ्यानं वाचून घेतली: "अण्णा, उघड आता तोंड."

आई हसत सुटली. मी टाळ्या पिटल्या, इतका आनंद मला नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता. अण्णाही हसला. मग त्यानं कप खाली ठेवला.

"मग आता मी कशाला यायचं तुझ्याकडे?" त्यानं विचारलं.

इतकी वर्षं मला माझेच बांधलेले हात कळत होते. त्याला त्या टकटकीत काय मिळत होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"जेवायला ये की," मी म्हणाले. "हेब्बाळला."