रजियाला दाखवलेला तक्ता

१२ एप्रिल १९८६, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. औसा रस्त्यालगतची निरीक्षण विहीर. खोली अठरा मीटर, पाणी नाही. एवढे मी त्या दिवशी कार्यालयाच्या वहीत लिहिले. त्यानंतर विहिरीत जे ऐकले ते लिहिले नाही, आणि आजवर कोणाला सांगितलेही नाही. तुम्हीच पहिले.

विहिरीच्या कठड्यावर वाकून मी स्पॅनिशमध्ये विचारले होते — पाणी आहे का? सरावाचे साधे वाक्य. अठरा मीटरवरून प्रतिध्वनी परत यायला एका सेकंदाचा दहावा भाग पुरतो. मी थांबले. काहीच आले नाही. मग, मी वळून निघाले असताना, माझा प्रश्न वर आला. शब्द तेच, आवाजही माझाच — पण संथ, अडखळत, एकेक अक्षर कागदावरून वाचावे तसा. घड्याळात चार सेकंद झाले होते.

उन्हाचा परिणाम म्हणायचा? तसेच मी स्वतःला सांगितले, पण मापन एकदाच करून थांबायचे नसते. मी दर पंधरवड्याला तिथे जाऊ लागले, स्टॉपवॉच घेऊन.

मी मूळ विषय टाळते आहे — तुमच्या लक्षात आलेच असेल.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षेही झाली नव्हती. भूजल मोजणाऱ्या आमच्या कार्यालयात भूशास्त्र शिकलेल्या दोघीच — मी मुदखेडची, रजिया लातूरच्या गंजगोलाई बाजारामागची. आमच्यापैकी एकीला स्पेनच्या कोरड्या भागात आठ महिन्यांचे प्रशिक्षण मिळणार होते. अट होती प्राथमिक स्पॅनिशची, आणि मार्चमध्ये मुंबईला तोंडी परीक्षा. नांदेडच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांकडे घरबसल्या शिकण्याचे दोन अभ्यासक्रम होते. एक जाड पुस्तक, व्याकरण आणि भाषांतराचे धडे असलेले. दुसरा कॅसेटचा : आवाज प्रश्न विचारतो, मग चार सेकंद शांतता सोडतो, त्यात आपण उत्तर द्यायचे. दोघींनी एकेक घ्यायचा असे ठरले. कोणता कोणी, हे मी तपासून सांगणार होते.

मी तपासले. १९८५च्या डिसेंबरचे दोन आठवडे पुस्तक, पुढचे दोन कॅसेट. दर रविवारी नांदेडला जाऊन सरांकडून प्रश्न विचारून घेतले. दोन्ही मीच शिकले, म्हणजे प्रयोग निर्दोष नव्हता. तरी फरक एवढा मोठा होता की शंकेला जागा नव्हती. बोललेल्या दहा प्रश्नांपैकी पुस्तकाने मला तीन कळले. कॅसेटने नऊ.

मग मी तक्ता स्वच्छ हस्ताक्षरात उतरवला. मथळ्यांची अदलाबदल करायला किती वेळ लागतो? ‘पुस्तक’ जिथे असायला हवे तिथे ‘कॅसेट’ लिहिले, आणि उलट. आकडे सगळे खरे होते. त्या क्षणी मला त्याचेच समाधान वाटले.

रजियाने कागद नीट पाहिलाही नाही. “हे काय दाखवायलीस मला? तू मोजलंस म्हणजे बास झालं की,” ती म्हणाली. आणि हसत, “लग्नाच्या पोरांचा पण असाच तक्ता कर बाई, अम्मीच्या डोक्याचा ताप जाईल.”

जाड पुस्तक तिने घेतले. तक्त्यातली नऊवाली वस्तू मी तिला दिली म्हणून मला दोनदा शुक्रिया म्हणाली.

मुंबईत तिची मुलाखत माझ्याआधी झाली. मी दाराबाहेरच्या बाकावर होते. आतून प्रश्न ऐकू आला — सोपा, नावगाव विचारणारा. मग शांतता. प्रश्न पुन्हा. पुन्हा शांतता. ती शांतता मी उत्तरांनी भरू शकले असते. माझे ओठ हलतही होते. बाहेर येऊन ती शेजारी बसली.

“लिहिलेलं सगळं येतंय गं मला. हे बोलायलेत ते कानात शिरतच न्हाई,” ती म्हणाली. जरा वेळाने, “तुझा तक्ता बरोबरच होता. माझंच डोकं कमी पडलं.”

मी काय केले? तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. माझे नाव पुकारले, आत गेले, आणि प्रत्येक प्रश्नाला चार सेकंदांच्या आत उत्तर दिले.

स्पेनला मी जाऊन आले. परतल्यावर बढती मिळाली. रजिया आता माझ्या हाताखाली विहिरी मोजते. कोणी नवी भाषा शिकायची म्हटले की तोच तक्ता घडी उलगडून दाखवते, पुस्तकच घे म्हणते. मी समोर असते. मी मान हलवते.

आणि विहीर? पाऊस तिसऱ्या वर्षीही हुकला, ती कोरडीच आहे. उत्तराला लागणारा वेळ मात्र वाढत गेला. चार, मग सात, मग बारा सेकंद. कारण मला ठाऊक नाही. हवेचे तापमान, वारा, स्टॉपवॉच दाबायला मला लागणारा वेळ — सगळे तपासले. कार्यालयाच्या वहीत नव्हे, वेगळ्या कागदावर नोंदी ठेवल्या.

गेल्या आठवड्यात भर दुपारी गेले. या वेळी प्रश्न विचारला नाही. कठड्यावर वाकून, मराठीत, मथळे योग्य जागी ठेवून दोन्ही आकडे म्हटले — पुस्तक तीन, कॅसेट नऊ — आणि स्टॉपवॉच सुरू केले. खालून माझेच वाक्य वर आले, मथळे उलटे करून.

सव्वीस सेकंद.