आईचं नाव जुळत नाही

"मेलेल्याला आईच्या नावानं हाक मारतात, जिवंताला कुणी तशी मारू नये," असं शेख बयूमी एकदा म्हणाले होते. चहाच्या दुकानात कुणी नवख्यानं त्यांच्या आईचं नाव सहज विचारलं होतं, तेव्हा. नवखा ओशाळला. मिन्या गावात एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं. आईचं नाव परक्याच्या हाती पडलं, तर करणी करणाऱ्याचं अर्धं काम तिथंच होतं.

शेख बयूमींचं मात्र आयुष्यच आयांच्या नावांवर गेलं. नदीच्या पूर्व काठावर मातीच्या घुमटांचं कबरस्तान थेट डोंगराला भिडलंय. गावातलं प्रेत होडीनं पलीकडे जातं. कबरीचं तोंड बुजवलं की माणसं चार पावलं मागे सरतात, आणि शेख उशाशी उकिडवे बसतात. घरचं कुणी वाकून त्यांच्या कानात मृताच्या आईचं नाव सांगतं. मग ते हाक मारतात, अमक्या, अमकीच्या मुला. आता दोन फरिश्ते येतील, तुला उठवून बसवतील, तू कोण म्हणून विचारतील; घाबरू नकोस, असं असं सांग. कुणाच्या आईचं नाव घरच्यांनाही ठाऊक नसेल, तर त्याला हव्वेचा मुलगा म्हणायचं. हव्वा सगळ्यांचीच आई.

चाळीस वर्षं हे चाललं होतं. कानात पडलेलं नाव शेखनी कधी लिहून ठेवलं नाही, की दुसऱ्यांदा उच्चारलं नाही.

त्यांची बायको इन्साफ हिचं गेल्या हिवाळ्यात आतड्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिच्या पोटावर पिशवी लावावी लागे. गावातल्या औषधवाल्यानं त्या पिशव्या ठेवणं बंद केलं. मुलगी करीमाननं मोबाईलवर शोधून एक दुकानदार काढला, पण माल परदेशी, पैसे आधी, तेही कार्डानंच. घरात कार्ड एकच होतं, शेखच्या पेन्शनचं. आणि पिशव्या उरल्या होत्या तीन. एक दोन दिवस जाते. सोसलं तर तीन.

"शेजारच्या वकिलाकडे कार्ड आहे," करीमान म्हणाली.

"आणि त्याला काय सांगशील, कशाला हवंय?" इन्साफ पलंगावरून म्हणाली. "माझ्या पोटाची गोष्ट दारोदार न्यायची नाही. त्यापेक्षा मला चादरीत गुंडाळून ठेवा."

पहिल्या दिवशी पैसे भरताना मोबाईलवर बँकेचा खातरजमेचा आकडा आला, पण शेखना चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा आला, तो करीमाननं घाईत चुकीचा टाकला. मग दोन दिवस आकडे आलेच नाहीत. पडद्यावर आलं, व्यवहार संशयास्पद वाटतो, तुमच्या सुरक्षेसाठी थांबवला आहे, फोन करा.

"माझ्या सुरक्षेसाठी," इन्साफ म्हणाली. "मला कोण चोरून नेणार आहे?"

करीमाननं फोन लावला आणि बापाच्या हातात दिला. आधी वाद्यं वाजली, मग एका बाईचा आवाज आला. आवाज तरुण होता, सभ्य होता, आणि विहिरीच्या तळाशी बसून कुणी बोलावं तसा होता.

"ओळख पटवण्यासाठी फक्त एक प्रश्न, साहेब. आईचं नाव?"

शेखनी करीमानकडे पाहिलं. "तू जरा आत जा."

"बाबा, माझी आजी होती ती."

"आत जा म्हटलं ना."

ती स्वयंपाकघरात गेली. शेखनी तोंड फोनला चिकटवलं आणि साठ वर्षांत परक्यापुढे न घेतलेलं नाव घेतलं, "नबविया."

"क्षमा करा. जुळत नाही."

"काय जुळत नाही? माझी आई आहे ती."

"आमच्याकडे वेगळी आहे, साहेब."

फोन ठेवल्यावर शेखनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. कार्ड काढताना बँकेत रांग होती, काचेपलीकडच्या पोरीनं भर रांगेत मोठ्यानं आईचं नाव विचारलं, आणि त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. कोण सांगेल? रांगेतल्या कुठल्याच पुरुषानं सांगितलं नसेल.

"मग काय सांगितलंत?" करीमाननं विचारलं.

"हव्वा सांगितलं असेन. दुसरं काय सांगणार?"

दुपारी पुन्हा फोन. हव्वाही जुळलं नाही. "आता एकच प्रयत्न उरलाय, साहेब," आवाज म्हणाला. "तो चुकला तर कार्ड कायमचं बंद होईल. नव्या कार्डाला तीन आठवडे."

इन्साफनं ऐकलं. भिंतीकडे तोंड करून तिनं पोटावरची पिशवी चाचपली.

शेखना झोप लागेना. त्या दिवसाचं एकेक आठवत गेलं. झग्याच्या काठाला ओली माती होती. काचेपलीकडच्या पोरीनं ती पाहून नाक मुरडलं होतं. म्हणजे ते नदीपलीकडून थेट बँकेत गेले होते. जिभेवर एक नाव ताजं होतं, दुसऱ्याच्या आईचं. पोरीनं विचारलं आणि तेच सुटलं. कुणाच्या आईचं, काही केल्या आठवेना.

सकाळी कार्डाच्या कागदावरची तारीख घेऊन बापलेक होडीत बसली. सोमवार होता, सोमवारी तिकडे कुणी जात नाही. कबरींचा राखणदार अबू सरी वही घेऊन आला, बोट लावून खाली सरकत गेला.

"त्या तारखेला एकच आलेला. अब्दुल-हलीम, होडीची इंजिनं दुरुस्त करायचा. चौथ्या रांगेत आहे."

"आणि आई?"

"शेख, आईचं नाव तुमच्या कानात सांगतात. माझ्या वहीत कुठून येणार?" अबू सरी हसला. "का, त्यानं उत्तरं चुकवली की काय? तीन वर्षांनी परत शिकवणी?"

शेख हसले नाहीत. चौथ्या रांगेत ऊन सरळ डोक्यावर होतं. घुमटांना सावली नव्हती. ते उशाशी उकिडवे बसले. एक हात मातीवर ठेवला. डोळे मिटले, आणि ज्या आवाजात ते घरी कधी बोलत नसत त्या आवाजात म्हणाले, "अब्दुल-हलीम."

थांबले. मग तोंड आपोआप पुढे गेलं.

"फिक्रियाच्या मुला."

करीमानच्या अंगावर काटा आला. नाव बापाच्या तोंडून आलं होतं, पण आठवून काढल्यासारखं नाही. कुणी खालून वर दिल्यासारखं. ती पुढे झाली आणि काही न बोलता फोन लावला.

वाद्यं वाजत राहिली. त्या उजाड रांगेत ती फार मोठी वाटत होती. मग तोच आवाज आला. आज विहिरीतला नव्हता. अगदी शेजारचा होता.

"आईचं नाव, साहेब? शेवटची वेळ आहे."

शेखनी आवाज बदलायचा प्रयत्न केला, बदलला नाही. त्याच आवाजात त्यांनी सांगितलं, "फिक्रिया."

पलीकडे कळा दाबल्याचा बारीक आवाज.

"जुळलं. आता नियमाप्रमाणे मी वाचून दाखवते. आपण फक्त 'हो, मीच' म्हणायचं." तिनं घसा साफ केला. "बयूमी. फिक्रियाचा मुलगा."

शेखचा हात अजून मातीवर होता. चाळीस वर्षं ह्याच जागी बसून ते मेलेल्यांना हाका मारत आले होते, आणि मातीच्या ह्या बाजूनं कुणी कधी ओ दिली नव्हती. करीमान फोन धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत आईची तिसरी पिशवी होती, आज सकाळीच लावलेली.

"साहेब? ऐकताय ना?"

"हो," शेख म्हणाले. मग ओठ कोरडे पडल्यासारखे हलले. "मीच."

फोनवर आकडा आला. करीमाननं तो टाकला, पडदा फिरला, थांबला, हिरवा झाला. "झालं, बाबा," ती म्हणाली. "परवा सकाळी येतील. आईला फोन करू? तुम्ही सांगता?"

अबू सरी चहाचे दोन पेले घेऊन रांगेच्या तोंडाशी कधीचा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "शेख," तो हळूच म्हणाला, "हाक कुणाला होती, आणि ओ कुणी दिली?"

शेख बयूमी गुडघ्यावर हात टेकून उठले. झग्याला लागलेली माती त्यांनी झटकली नाही. पुढे केलेल्या पेल्याजवळून, मुलीच्या पुढे केलेल्या फोनजवळून ते गेले, आणि चौथ्या रांगेतून, फाटकातून बाहेर पडले.