जावेचं एआय आणि चेंबूरचं गिऱ्हाईक

कांदिवलीत आमचं कोकणी मालाचं दुकान आहे. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते गावाहून कोकम, कुळथाचं पीठ, आंबापोळी आणून विकायला लागले आणि त्यातून हे दुकान उभं राहिलं. ते गेल्यावर गल्ल्यावर मी बसले. मला फसवणं अवघड आहे, असं आमच्या गल्लीत बोललं जायचं. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून एक माणूस मसाल्याची पिशवी उचलून निघाला होता, तेव्हा मी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं होतं, "भाऊ, जरा थांबा, आमच्याकडे आलेले दिसू देत." तो पिशवी ठेवून निघून गेला. घरी कोणी पाहुणे आले की सासूबाई हा किस्सा सांगायच्याच. मी आत चहा गाळत ऐकायचे. बरं वाटायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ अंधेरीत एका कंपनीत कामाला. दुकान ऑनलाइन सुरू करायची कल्पना तिचीच, आणि ते चाललंही. माल दूरदूर जायला लागला तशा तक्रारीही यायला लागल्या. बाटली फुटली, पाकीट उघडं आलं. प्रत्येकाला दुसरा माल पाठवावा लागे. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली.

"ताई, हे एआय आहे. आपली बिलं, जमा झालेले पैसे, तक्रारींचे फोटो, सगळं तपासतं. संशय आला तर लाल खूण करतं."

"आणि मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही बघायचं ना, खूण बरोबर आहे की नाही ते."

म्हणजे मशीन आधी बघणार आणि मी मागून.

सुरुवातीला त्याने आमच्या जुन्या भजनी मंडळाच्या ऑर्डरला लाल खूण केली. गणपतीत ते दरवर्षी एकदम भरपूर माल नेतात, त्याला काय माहीत. मी ते सासूबाईंना दोनदा सांगितलं. जाऊ मात्र हसून म्हणाली, "छान, हे आता आपण त्याला शिकवू," आणि तिने शिकवलंही. पुढे एका केटरिंगवाल्याने एकच बिल दोनदा दाखवून पुन्हा माल मागितला, ते मशीनने पकडलं. त्या दिवशी शेजारच्या काकू आल्या तर सासूबाईंनी किस्सा सांगितला तो त्या बिलाचा. "आमची धाकटी हुशार हो," म्हणाल्या. माझ्या हातातला चहा मी तसाच काकूंपुढे ठेवला, कपात साखर घालायची राहिली.

खरं सांगते, त्या दिवसांत मी रोज सकाळी वाट बघायचे की आज ते चुकावं.

आणि मग त्याने चेंबूरच्या बाईंना लाल खूण केली.

चेंबूरच्या बाई म्हणजे माझं स्वतःचं गिऱ्हाईक. कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, मागवायच्या. पहिल्यांदा बाटली फुटून आली तेव्हा त्यांनी तक्रार लिहून न पाठवता मला फोन केला होता. मालवणीत बोलायच्या. "माझी आवस रतांबे फोडूक बसली की आमचा खळा लाल होय. तुझा आगळ प्यालंय नि माका तीच दिसली गो." त्यांची आई, कोकमाची फळं, लाल झालेलं अंगण, ऐकून मला रडू आलं होतं. मी लगेच दुसरी बाटली पाठवली, वर आंबापोळी घातली. तेव्हापासून आठवड्याला त्यांचा फोन. माझी दुखरी पाठ कशी आहे हे त्या घरच्यांच्या आधी विचारायच्या.

"ताई, हे बघा," जाऊ म्हणाली. "वेगवेगळ्या नावांनी तक्रारी आल्यात, पण फोटो एकाच बाटलीचे आहेत. काचेची चीर बघा, सारखीच आहे. एका फोटोत फक्त मागची फरशी बदलली आहे, तीही कॉम्प्युटरवर. आणि सगळे पत्ते एकाच बिल्डिंगचे, तुमच्या चेंबूरच्या बाईंच्या."

"एकाच बिल्डिंगमध्ये चार मालवणी घरं असू शकतात."

"असू शकतात. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

तिचा तो शांत आवाज मला सहन झाला नाही. "तुझ्या मशीनला माणूस कळत नाही," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान दिराकडे सोपवून मी चेंबूरला गेले. पिशवीत त्या बाईंसाठी आगळाची बाटली होती. त्यांच्याबरोबर एक सेल्फी काढायची आणि जावेला दाखवायची, असं ठरवूनच निघाले होते.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका खोलीच्या खिडकीला फळी लावून छोटं दुकान केलेलं होतं. फळीवर आमच्या बाटल्या. लेबलावर सासऱ्यांनी काढून घेतलेलं माडाचं चित्र. बाजूला बोरिवलीच्या कुणाची तरी पोह्याच्या पापडांची पाकिटं. आत एक बाई पाठमोरी बसून फोनवर बोलत होती. आवाज मी लगेच ओळखला.

"माझी आवस पापड लाटूक बसली की आमचा खळा भरान जाय," ती सांगत होती. "तुझो पापड खाल्लंय नि माका तीच दिसली गो. पण पाकिटातले सगळे मोडले बघ. तुझी पाठ कशी हा?"

मी तिथे उभी होते. माल लुबाडला याचा राग यायला हवा होता, तो नंतर आला. त्या क्षणी मला जे वाटलं ते वेगळंच. आई तीच, खळं तेच, पाठही तीच, आणि समोर दुसरीच कुणीतरी. मला वाटत होतं ते सगळं फक्त माझ्याशी बोललं जातं.

फोन ठेवून ती वळली. वयाने माझ्याएवढीच होती, मला वाटलं होतं म्हातारी असेल.

"मी कांदिवलीची," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे, मग फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं. "ये, बस," म्हणाली. "चाय घेतलंस?"

"यापुढे तुम्हाला आमच्याकडून माल येणार नाही."

"बरा," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. "पाठीक तेल लाव हां तू."

आणलेली बाटली मी परत घेऊन आले.

घरी जावेला सांगणं जिवावर आलं, पण सांगितलं. तिने जिंकल्याचा चेहरा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने केला नाही. त्या सगळ्या नावांची खाती बंद केली आणि एवढंच विचारलं, "तुम्ही एकट्याच गेलात ताई? काही झालं असतं म्हणजे?" सासूबाईंना पुढच्या पाहुण्यांसाठी किस्सा मिळाला, त्यात मी चेंबूरला गेले हे नव्हतंच. मी भांडी जरा जोरात घासली.

त्या पापडाच्या पाकिटावर फोन नंबर होता. मी तिथून निघताना फोटो काढला होता. बोरिवलीतली घरगुती पापड करणारी बाई निघाली. तिला फोन करून मी सगळं सांगितलं, मोडक्या पापडांचे फोटो नीट तपासून बघ म्हटलं, हवं तर माझी जाऊ तिच्या मशीनवर बघून देईल असंही म्हटलं. हे म्हणताना मला फार छान वाटलं असं नाही.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय हो," ती म्हणाली. "त्या तशा नाहीत. रोज फोन करतात मला."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. सकाळी नाहीतर संध्याकाळी."

मी फोन ठेवला. मला आठवड्यातून एकदाच यायचा.